घराचे कागद आणि पाण्याची खूण : अंधेरीच्या पुराचा न लिहिलेला इतिहास

#थ्रेड #इतिहास #मुंबई

१/
अंधेरीत सदनिका विकत घेणाऱ्याच्या हाती कागदांची एक जाड फाइल येते. मिळकत पत्रिका, सूची क्रमांक दोन, भोगवटा प्रमाणपत्र, जुन्या करारांची साखळी, सोसायटीचे ना हरकत पत्र आणि वकिलाने काढलेला तीस वर्षांचा शोध अहवाल. त्या तीस वर्षांत मालक किती बदलले, बोजा कधी चढला आणि कधी उतरला, सारे तारखेनिशी नोंदलेले असते. त्याच तीस वर्षांत इमारतीच्या तळमजल्यावर पाणी किती वेळा चढले, हे मात्र एकाही कागदावर सापडत नाही.

२/
हे मौन निसर्गाने लादलेले नाही. कायद्याने, बाजाराने आणि नगररचनेने मिळून ते जोपासले आहे. घराच्या पुराचा इतिहास ठाऊक असूनही तो ग्राहकापासून लपवता येतो, आणि बहुतेक वेळा त्याची शिक्षा भोगावी लागत नाही. ही सवलत रद्द झाली पाहिजे. तिच्या जोडीला पूरविम्याची व्यवस्थाही उभी राहिली पाहिजे. असे का, हे समजण्यासाठी साष्टी बेटाच्या इतिहासापासून सुरुवात करावी लागते.

३/
अंधेरी हे मूळ सात बेटांच्या मुंबईतले गाव नव्हे. ते साष्टीतले. पूर्वेला पवई-विहारचा डोंगराळ भाग, पश्चिमेला वर्सोवा-मालाडची खाडी, आणि मधल्या सखल पट्ट्यात भातशेती, खाजणे व ओढे. डोंगरावरचे पाणी याच पट्ट्यातून समुद्राकडे जाई आणि भरतीचे पाणी याच वाटेने आत येई. या भूमीवर पाण्याचा हक्क माणसाच्या वस्तीहून जुना आहे.

४/
कोकणातल्या जुन्या जमीनव्यवस्थेला हे पक्के ठाऊक होते. कुलाबा जिल्ह्यातील खारभूमीत शिलोत्री नावाचा धारा होता. खाडीचे पाणी अडवणारा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रदारावर असे आणि त्या बदल्यात त्याचा हक्क ठरलेला असे. जमीन कोणाची, याच्या बरोबरीने तिथले पाणी कोणी अडवायचे, हाही जमिनीच्या हक्काचाच भाग होता. पुढे १९४८ साली मुंबई राज्याने खार जमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला, आणि १९७९ मध्ये महाराष्ट्राने खारभूमी विकास अधिनियम केला. धोका मान्य करून त्याची जबाबदारी नेमून देण्याची ही परंपरा होती.

५/
सातबाऱ्यावरची ‘पोटखराब’ ही नोंद आठवावी. जमिनीचा जो भाग लागवडीखाली येत नाही, तो वेगळा दाखवला जातो. रस्ता, पाऊलवाट, तलाव, ओढा यांनी व्यापलेल्या क्षेत्राचा त्यात स्वतंत्र वर्ग आहे. म्हणजे शेतसारा ठरवणाऱ्या सरकारला ओढा कुठून वाहतो हे लिहून ठेवण्याची गरज वाटली होती, कारण ओढ्याच्या जागेवर सारा आकारता येत नसे. शेत जाऊन भूखंड आला, भूखंडावर इमारत आली, आणि सदनिकाधारकाच्या फाइलीतून ओढा नाहीसा झाला. जमिनीवर तो होताच.

६/
१९५० मध्ये अंधेरीचा परिसर मुंबई महापालिकेच्या हद्दीत आला. १९५७ मध्ये हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली. पुढील काही दशकांत भातखाचरे, खाजणे आणि पाणथळ जागा भराव घालून बांधकामाखाली आल्या. अंधेरी पश्चिमेच्या दलदलीवर १९८० च्या दशकात मोठमोठी संकुले उभी राहिली. ज्या जमिनीचे काम पावसाचे पाणी काही तास धरून ठेवणे हे होते, तिला आता पार्किंग धरून ठेवायचे होते.

७/
या भागातील तीन प्रवाह ध्यानात ठेवावेत. विहार व पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी मरोळ, साकीनाक्याकडून विमानतळाला भिडते आणि कुर्ला, कलिना, वांद्रे करत माहीमच्या खाडीला मिळते. आरेच्या टेकड्यांतून निघणारी ओशिवरा मालाडच्या खाडीकडे जाते. आणि अंधेरीच्या पोटातून जाणारा मोगरा नाला, ज्याच्यामुळे अंधेरी सबवे दर पावसाळ्यात बातमीत येतो. मिठीला विमानतळाच्या धावपट्टीने वळायला लावले, काठांवरच्या भरावांनी आवळले. नदीचे ‘नाला’ हे नामांतर त्याच काळातले. नाला म्हटले की तो बुजवताना संकोच वाटत नाही.

८/
इशारे आले नाहीत असेही नाही. १९८५ च्या पुरानंतर शहराच्या पर्जन्यजल वाहिन्यांचा अभ्यास करण्याचे ठरले. वॉटसन हॉक्सले या ब्रिटिश सल्लागार संस्थेने १९९३ मध्ये ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाने ओळखला जाणारा अहवाल दिला. जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. ही क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची शिफारस झाली. अहवाल बारा वर्षे बहुतांशी कागदावरच राहिला.

९/
मग २६ जुलै २००५ चा मंगळवार उजाडला. सांताक्रुझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस पडला. एकाच शहरात दोन हवामाने होती, आणि प्रलय उपनगरांच्या वाट्याला आला. पाऊस आणि समुद्राची भरती एकत्र आल्याने पाण्याला बाहेर पडायला वाट उरली नाही. साकीनाक्याजवळ दरड कोसळून कित्येक माणसे गाडली गेली. मुंबईत शेकडो माणसे मृत्युमुखी पडली.

१०/
त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि मिठी नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. २९ ऑगस्ट २०१७ ला आणि जुलै २०१९ च्या आरंभी सांताक्रुझने पुन्हा एका दिवसात तीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस पाहिला. पंपिंग केंद्रे बांधली गेली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया व गझधरबंध ही सुरू झाली. ज्यांची नावे अंधेरी आणि पूर्व उपनगरांना सर्वाधिक जवळची, ती मोगरा आणि माहुल ही दोन केंद्रे दीर्घकाळ रखडली.

११/
या साऱ्यातून एक गोष्ट निर्विवाद ठरते. पाणी कुठे भरते हे शासनाला माहीत आहे. महापालिका दरवर्षी पाणी साचणाऱ्या ठिकाणांच्या याद्या करते आणि तिथे पंप बसवते. जून २०२० मध्ये ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर-इशारा प्रणाली कार्यान्वित झाली आणि विभागवार पुराचा अंदाज बांधता येऊ लागला. पाणी भरणारी गल्ली पंपचालकाला ठाऊक, रिक्षावाल्याला ठाऊक, दलालाला ठाऊक. तिथे आयुष्यभराची कमाई ओतणाऱ्या ग्राहकाला ते सांगण्याचे बंधन मात्र कोणावरही स्पष्ट शब्दांत नाही.

१२/
आता कायद्याचा इतिहास. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५५ म्हणते की विक्रेत्याला माहीत असलेला, ग्राहकाला माहीत नसलेला आणि साधारण दक्षता घेऊनही ग्राहकाच्या लक्षात न येणारा मालमत्तेतील वा मालकीहक्कातील महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड केला पाहिजे. असा दोष न सांगणे ही फसवणूक होय, असेही तेच कलम सांगते. एकोणिसाव्या शतकातल्या कायद्यात हे वाक्य असावे, ही कौतुकाचीच बाब आहे.

१३/
पण त्याच कलमाचा आरंभ वाचावा. ही सारी कर्तव्ये ‘विरुद्ध करार नसेल तर’ लागू होतात. ‘मालमत्ता जशी आहे तशी, पाहून व खात्री करून घेतली आहे’ अशी एक ओळ करारात घातली की विक्रेत्याच्या वकिलाला हवी ती ढाल मिळते. शिवाय पूर हा ‘मालमत्तेतील दोष’ आहे की परिसराची परिस्थिती, हा वाद उरतोच, कारण कलमात पुराचे नाव नाही. भिंतीला तडा असेल तर तो दोष ठरेल. भिंतीवर कंबरेइतक्या उंचीवर राहिलेली ओलीची रेघ रंगाच्या एका हाताने पुसता येते.

१४/
महाराष्ट्राने १९६३ मध्ये सदनिका मालकीहक्क अधिनियम केला. बिल्डरने जमिनीवरील हक्क आणि बोजे पूर्णपणे व खरेपणाने उघड करावेत, हे त्यातले मोलाचे बंधन. २०१६ मध्ये केंद्राचा स्थावर संपदा कायदा आला आणि २०१७ पासून महारेरा काम करू लागले. मंजूर नकाशे, प्रकल्पाची मुदत, जमिनीची कागदपत्रे हे सारे संकेतस्थळावर आले. ग्राहकाच्या बाजूने टाकलेले हे मोठे पाऊल होते, हे मान्य केलेच पाहिजे.

१५/
मात्र त्याच कायद्याचे कलम १८(२) पाहावे. जमिनीचा मालकीहक्क सदोष निघाला तर बिल्डरने ग्राहकाला भरपाई द्यावी, आणि या दाव्याला मुदतीची मर्यादाही नाही. जमीन दुसऱ्याच्या मालकीची निघाली तर कायदा ग्राहकाच्या पाठीशी कायमचा उभा राहतो. जमीन पाण्याच्या मालकीची निघाली तर असा कोणताही आधार त्यात नाही. आणि जुन्या सदनिकेच्या पुनर्विक्रीला तर हा कायदा लागूच होत नाही. अंधेरीत २००५ पाहिलेल्या इमारती नेमक्या याच पुनर्विक्रीच्या बाजारात आहेत.

१६/
विम्याचा इतिहास याच्या अगदी उलट आहे. १७६६ साली लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढे कार्टर विरुद्ध बोह्म हा खटला चालला. सुमात्रातील फोर्ट मार्लबरो या ठाण्याचा गव्हर्नर कार्टर याने ठाणे शत्रूच्या हाती पडण्याविरुद्ध विमा काढला होता. फ्रेंचांनी ते घेतले. विमा उतरवणाऱ्याने तक्रार केली की धोका लपवला गेला. निकाल कार्टरच्या बाजूने लागला, पण त्यातून ‘परम सद्भावा’चे तत्त्व रुजले. जोखमीबद्दलची महत्त्वाची माहिती लपवून झालेला करार टिकत नाही, आणि हे बंधन दोन्ही पक्षांवर आहे.

१७/
दोन्ही इतिहास शेजारी ठेवले की विसंगती उघडी पडते. तळमजल्याचा एखादा मालक विमा काढायला गेला, तर घरात पूर्वी पाणी शिरल्याची बाब विमा कंपनीपासून लपवणे हे दावा फेटाळण्याचे कारण ठरू शकते. तोच मालक दुसऱ्या दिवशी तेच घर एखाद्या शिक्षिकेला वा परिचारिकेला विकताना त्याच बाबीवर मौन बाळगू शकतो. कंपनीला सत्य ऐकण्याचा हक्क आहे आणि ज्या कुटुंबाचे सर्वस्व पणाला लागले आहे त्याला नाही, ही विषमता कोणत्या न्यायात बसते?

१८/
विम्याची सोय नाही असे नव्हे. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे आणि तिच्यात पुराचा समावेश आहे. तरीही बहुतेक कुटुंबांच्या हिशेबात घराचा विमा नसतोच. गृहकर्जासोबत आलेला विमा कशाचा आहे, इमारतीच्या ढाच्याचा, सामानाचा की कर्जदाराच्या जिवाचा, हे पुष्कळांना पाणी ओसरल्यावरच कळते. ज्या धोक्याची माहितीच दिली गेली नाही, त्याच्यासाठी कोणी हप्ता का भरेल? माहिती लपवणे आणि विमा नसणे ही एकाच साखळीची दोन टोके आहेत.

१९/
महाराष्ट्राकडे पूर मोजण्याची भाषा आहे. पाटबंधारे खात्याची निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर कोल्हापूर-सांगलीत हे शब्द घरोघरी पोचले. पण रेषा नकाशावर राहते. खरेदीखतात ती लिहिण्याची सक्ती विक्रेत्यावर नाही.

२०/
केंद्रीय जल आयोगाने पूरमैदानांच्या क्षेत्रविभागणीसाठी आदर्श विधेयक १९७५ मध्येच राज्यांकडे पाठवले होते. मणिपूरने १९७८ मध्ये आणि राजस्थानने १९९० मध्ये तसे कायदे केले. बहुतेक मोठी राज्ये पन्नास वर्षांनंतरही टाळत आली. नदीकाठची जमीन जितकी महाग, तितका विलंब लांब.

२१/
जग काय करते? अमेरिकेने १९६८ मध्ये राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रम सुरू केला आणि १९७३ पासून धोक्याच्या क्षेत्रातील संघराज्य-नियंत्रित कर्जांना पूरविम्याची अट जोडली. जपानमध्ये ऑगस्ट २०२० पासून घराचे स्थान पूर-धोका नकाशावर दाखवून समजावणे मध्यस्थावर बंधनकारक आहे. फ्रान्समध्ये २००३ च्या कायद्याने विक्रेत्यावर नैसर्गिक धोके सांगण्याचे बंधन आले. न्यूयॉर्क राज्यात तर विक्रेता ग्राहकाला पाचशे डॉलरची सूट देऊन माहिती देणेच टाळू शकत असे. ती पळवाट मार्च २०२४ पासून बंद झाली. अंधेरीत मौनाला पाचशे डॉलरही पडत नाहीत.

२२/
आता आक्षेप. पहिला : ‘अंधेरीत पाणी भरते हे सर्वांना ठाऊक आहे, सांगायचे काय?’ अंधेरीत पाणी भरते हे ज्ञान म्हणजे या इमारतीच्या जोत्यावर किती फूट पाणी आले याचे ज्ञान नव्हे. दोन गल्ल्यांत चार फुटांचा फरक असू शकतो. एक इमारत कोरडी राहते, तिच्या मागची बुडते. डिसेंबरात घर पाहायला आलेल्या माणसाला तो फरक कोणती साधारण दक्षता दाखवणार?

२३/
दुसरा आक्षेप : ‘किमती पडतील आणि मध्यमवर्गीय मालक भरडला जाईल.’ हा आक्षेप गंभीर आहे, कारण आजचा विक्रेता कालचा फसवला गेलेला ग्राहकच असतो. पण नुकसान माहितीमुळे निर्माण होत नाही, ते आधीच झालेले असते. मौनामुळे ते फक्त पुढच्याच्या गळ्यात पडते. ज्या बाजारात भाव टिकवण्यासाठी दर वेळी एक नवे अजाण कुटुंब लागते, त्या बाजाराचे रक्षण हे मध्यमवर्गाचे रक्षण नाही. सामायिक पूरविमा निधी उभारून मालकाचे नुकसान वाटून घेता येते. ब्रिटनने २०१६ मध्ये ‘फ्लड री’ हा असाच उपाय केला, आणि २००९ नंतर बांधलेल्या घरांना त्यातून वगळले, म्हणजे नव्या बेफिकिरीला बक्षीस मिळू नये.

२४/
तिसरा : ‘पंप बसले, वाहिन्या रुंदावल्या, आता जुने उगाळू नये.’ कामे झाली असतील तर माहितीपत्रात तेही लिहावे : २००५ मध्ये इतके, २०१७ मध्ये इतके, त्यानंतर नाही. खरी सुधारणा अशा नोंदीमुळे घराचा भाव वाढवील. नोंदीला घाबरते ती न झालेली सुधारणा.

२५/
चौथा : ‘२००५ चा पाऊस शंभर वर्षांतून एकदाचा होता.’ ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता असा आहे. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती शक्यता सुमारे अठरा टक्क्यांवर जाते. आणि हे हवामान बदलणार नाही असे धरून.

२६/
पुनर्विकासाने या प्रश्नाला नवी धार आली आहे. २००५ ची आठवण असलेल्या सोसायट्या नवी इमारत बांधताना जोते उंच घेतात, तळमजल्यावर वाहने ठेवतात. रस्तेही डांबर-काँक्रीटच्या थरांनी वर चढतात. उंचावलेल्या जोत्यावरून उतरलेले पाणी शेजारच्या जुन्या दुमजली इमारतीत आणि चाळीत शिरते. तिथला मालक घर विकायला काढतो तेव्हा त्याच्या पाण्याचे कारण त्याच्या भूखंडावर नसतेच. म्हणून नोंद इमारतीपुरती न राहता गल्लीची असली पाहिजे, आणि ती ठेवण्याचे काम महापालिकेचे आहे.

२७/
या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मिठीच्या काठावरच्या झोपड्यांत राहणाऱ्यांचे व्यवहार निबंधक कार्यालयात पोचत नाहीत. पूर प्रथम त्यांच्याच घरात शिरतो. दस्तातील कलम त्यांना वाचवणार नाही. पुनर्वसनाची जागा निवडताना तीच पूररेषा पाहणे हे शासनाचे कर्तव्य आहे. एका काठावरून उचलून दुसऱ्या सखल जागी ठेवणे याला पुनर्वसन म्हणता येत नाही.

२८/
मागण्या साध्या आहेत.
– मिठी, ओशिवरा, पोयसर, दहिसर या नद्या व मोठ्या नाल्यांच्या पूररेषा भूमापन क्रमांकानुसार सर्वांना पाहता याव्यात, आणि मिळकत पत्रिकेवर तशी नोंद असावी.
– प्रत्येक विक्री करारास एक पानाचे पूर-निवेदन जोडावे : २००५ पासून पाणी केव्हा शिरले, किती उंच, विमा दावा झाला का. करारातील कोणत्याही कलमाने ते टाळता येऊ नये.
– सोसायटीने अशी नोंदवही ठेवावी, नव्या प्रकल्पाने ती माहिती महारेराच्या नोंदणीतच द्यावी.
– पूररेषेतील गृहकर्जाला पूरविम्याची जोड असावी, आणि अल्प उत्पन्न गटाचा हप्ता सामायिक निधीतून भरावा.

२९/
इतिहासाच्या तरुण वाचकांना एक काम इथे मोकळे पडले आहे. जुने भूमापन नकाशे, गॅझेटियर, वृत्तपत्रांचे अंक आणि तळमजल्यावरच्या वृद्धांच्या आठवणी यांतून आपापल्या गल्लीच्या पाण्याची नोंद तयार करता येते. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. शासन नोंद ठेवीपर्यंत नागरिकांनी ठेवलेली नोंदही ग्राहकाच्या उपयोगी पडेल, आणि कायदा मागताना पुरावा म्हणून उभी राहील.

३०/
शिलोत्रदाराला बांधाची जबाबदारी माहीत होती. इंग्रजांच्या महसूल खात्याला ओढा माहीत होता. आजच्या महापालिकेला प्रत्येक पंपाची जागा माहीत आहे. या भूमीच्या इतिहासात पाण्याबद्दल अंधारात ठेवला गेलेला माणूस एकच, तो म्हणजे तिथे घर घेणारा. येत्या पावसाळ्याआधी अंधेरीत शेकडो करारांवर सह्या होतील. त्या करारांत पुराबद्दल एक ओळ असावी, एवढीच ही मागणी आहे.

(थ्रेड समाप्त)